लुसिड ड्रीम येत नाही म्हणून सोडून देताय? थांबा जरा

मागच्या भागानंतर आलेले बरेचसे मेसेज एकाच सुराचे होते. "दादा, दोन आठवडे केलं, वही लिहिली, दिवसभर बोटं मोजली, काहीच झालं नाही. सोडून दिलं." म्हणून आज नवीन तंत्र वगैरे काही नाही. आज फक्त एवढंच बोलू, की हे शिकताना मधल्या कोरड्या दिवसांत टिकून कसं राहायचं.

जे आज पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वप्न सुरू असतानाच "अरे, हे स्वप्न आहे" हे कळणं म्हणजे लुसिड ड्रीम. बस. स्वप्नावर ताबा मिळणं ही पुढची गोष्ट, तो कधी मिळतो, कधी नाही. आणि हे थोतांड नाही. झोपेच्या ज्या टप्प्यात जास्त करून स्वप्नं पडतात, त्या रेम झोपेत आपलं शरीर जवळजवळ लुळं असतं, पण डोळे हलतात. 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी हाच धागा पकडला. झोपणाऱ्या माणसाशी आधीच ठरवून ठेवलं की स्वप्नात भान आलं की डोळे ठरलेल्या पद्धतीने डावीकडे-उजवीकडे फिरव. यंत्रावर ती खूण उमटली आणि माणूस झोपलेलाच होता. काही वर्षांनी अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं. 2021 मध्ये तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून स्वप्नात असलेल्या माणसांना साध्या बेरजा-वजाबाक्या विचारल्या आणि काहींनी झोपेतूनच बरोबर उत्तरं दिली. काहींनी, हं. एकूण प्रयत्नांपैकी साधारण 18 टक्के वेळा. हा आकडा लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत, निवडलेल्या लोकांसोबत, सगळी यंत्रं लावूनसुद्धा बहुतेक वेळा हाती काही लागलं नाही.

आता मी इंजिनिअर माणूस, मला गणिताशिवाय चैन पडत नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठात डेनहॉम ॲस्पी यांनी एक अभ्यास केला, 2017 मध्ये तो छापून आला. त्यात 47 जणांच्या एका गटाने आठवडाभर तीन गोष्टी एकत्र केल्या: दिवसा रिॲलिटी चेक, पहाटे उठून पुन्हा झोपणं, आणि माइल्ड नावाचं तंत्र. यश किती? प्रयत्नांपैकी साधारण 17 टक्के वेळा. म्हणजे मोटामोटी सहा रात्रींत एक.

सहात एक म्हटल्यावर आपल्याला वाटतं, चला, आठवड्यात एक तर नक्की. तसं नसतं. एका रात्री काही न होण्याची शक्यता 83 टक्के. सलग सात रात्री काहीच न होण्याची शक्यता काढायची तर 0.83 ला सात वेळा गुणा. उत्तर येतं 0.27. म्हणजे सगळं नीट करूनही चौघांतला एक जण आठवड्यानंतर रिकाम्या हाताने बसलेला असणार. चौदा प्रयत्नांनंतरही शंभरात सात जण कोरडे. आणि ते लोक आवडीने भाग घेतलेले होते, प्रत्येकाची शक्यता सारखी नसते, तुमची कदाचित सहात एक नसून वीसात एक असेल. त्यात तुम्ही पहाटेचा अलार्म फक्त शनिवार-रविवारी लावता, कारण सोमवारी स्टँडअप असतो किंवा कॉलेज असतं. मग सात प्रयत्न व्हायलाच महिना लागतो. आणि आपण दोन आठवड्यांत निकाल लावून मोकळे, की "आपल्याला जमत नाही". भाऊ, अजून टेस्टच रन झाली नाही, तू रिझल्ट कुठून आणला?

एकोणिसाव्या शतकात एर्वे द सँ-दनी नावाचा एक फ्रेंच माणूस होता. तेराव्या वर्षापासून स्वप्नांची वही लिहायचा. 1867 मध्ये त्याने या विषयावर पुस्तक काढलं. त्याला पहिल्यांदा स्वप्नात भान आलं ते वहीच्या 207 व्या रात्री. दोनशे सात! आपण चौदाव्या दिवशी सोडतो. पुढे सव्वा वर्षात त्याला जवळपास रोज रात्री भान यायला लागलं. लाबर्जनेही तीन वर्षांत स्वतःची 389 लुसिड स्वप्नं नोंदवली आणि त्यावर लिहिलेल्या पेपरात याला 'शिकता येणारं कौशल्य' म्हटलं. पण ते कौशल्य सरळ रेषेत चढत नाही. बराच काळ जमिनीला चिकटून चालतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की लुसिड ड्रीम मोजायचंच नाही. निदान पहिले दोन-तीन महिने. ते आपल्या हातात नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही असंच करतो. ग्राहक किती आले हा आकडा उशिरा कळतो आणि त्यावर आपला ताबा नसतो, म्हणून रोज आपण काय करतो ते मोजतो. इथे रोज मोजण्यासारखी एकच गोष्ट आहे, सकाळी किती स्वप्नं आठवली. ही गोष्ट सुधारते, आणि बऱ्यापैकी लवकर सुधारते. पहिल्या आठवड्यात "काहीतरी हिरवं होतं" एवढंच येतं. तिसऱ्या आठवड्यात अर्धं पान भरतं. कोरड्या काळात माणसाला पुढे नेतं ते हे अर्धं पान. शिवाय आठवणच राहत नसेल तर कदाचित तुम्हाला लुसिड ड्रीम पडूनही गेलं असेल आणि सकाळी पत्ता नसेल. लॉगच नाही तर बग सापडणार कसा?

आठवण्याचा सगळा खेळ जाग आल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाचा आहे, आणि ते मिनिट फोन खातो. डोळे उघडले की हात फोनकडे, एक नोटिफिकेशन दिसलं की स्वप्न पुसलं. मी फोन विमान मोडवर टाकून हाताच्या अंतरावर ठेवतो. जाग आली की हलत नाही, डोळे उघडत नाही, ज्या कुशीवर आहे त्याच कुशीवर पडून उलटं आठवत जातो. आत्ता कुठे होतो, त्याच्या आधी कुठे होतो. मग वही. व्हॉइस नोटही चालते, पण आमच्याकडे उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं. पहाटे पाच वाजता मी पुटपुटायला लागलो की आई म्हणते, "याले काय झालं वं, झोपीत कोनाशी बोलते?" म्हणून वहीच बरी.

वहीचा दुसरा फायदा म्हणजे ड्रीम साइन. वीस-पंचवीस स्वप्नं लिहिली की एखादी गोष्ट परत परत दिसायला लागते. माझी सांगतो. आमच्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आहे, ती मूर्ती अधांतरी आहे असं सांगतात. दोन पंथांच्या वादात ते 1981 पासून बंद होतं. माझ्या पिढीने ती मूर्ती झरोक्यातूनच पाहिली. तर माझ्या स्वप्नांत ते दार सताड उघडं असायचं. यापेक्षा चांगली खूण कुठून मिळणार? दार उघडं दिसलं की समजायचं, आपण झोपलोय. मी पाच महिने मनात तेच पक्कं करत होतो. आणि मार्च 2023 मध्ये, 42 वर्षांनंतर, ते दार खरंच उघडलं. गाव आनंदात, आणि मी माझी ड्रीम साइन गेली म्हणून डोक्याला हात लावून बसलेलो.

रिॲलिटी चेकबद्दल फार बोलत नाही, मागच्या भागात झालंय. नाक दाबून श्वास घेऊन बघणं, एखादी पाटी दोनदा वाचून अक्षरं बदलतात का ते बघणं वगैरे. कंटाळा इथेच सगळ्यात जास्त येतो, कारण ते यंत्रासारखं होतं. दिवसातून तीस वेळा नाक दाबण्यापेक्षा चारच वेळा करा, पण खरंच शंका घेऊन करा. मी इथे कसा आलो? पाच मिनिटांपूर्वी काय करत होतो? आमच्याकडे सोय आहे, लाईन गेली की मी चेक करतो. त्यामुळे दिवसाचा कोटा महावितरणच ठरवतं.

खरं वजन आहे ते पहाटेच्या भागाला. झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त आणि रेम थोडी, पहाटेकडे रेम लांबत जाते. म्हणून पाचेक तास झोपून उठायचं, वीस मिनिटं जागं राहायचं आणि पुन्हा झोपायचं. इंग्रजीत याला वेक बॅक टू बेड म्हणतात. वाशिम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलिताला थ्री-फेज लाईन रात्रीची असली की माणूस तीन वाजता बॅटरी घेऊन वावरात जातो, पाळी बदलतो आणि पाचला येऊन पडतो. अशा वेळी पडलेली स्वप्नं किती ठळक असतात ते घरच्या मोठ्यांना विचारून बघा. तंत्रज्ञान जुनंच आहे, नाव तेवढं नवीन.

त्या जागेपणी करायचं ते माइल्ड. नुकतं पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात "हे स्वप्न आहे" असं ओळखता आलं असतं ती जागा शोधायची, त्या जागी स्वतःला ओळखताना पाहायचं आणि मनात ठेवायचं, की पुढच्या वेळी स्वप्नात असेन तेव्हा मला आठवेल. बाजारातून येताना मीठ आणायचं लक्षात ठेवतो नं, तीच स्मरणशक्ती. ॲस्पी यांच्या अभ्यासातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट इथेच आहे. हे करून जे पाच मिनिटांत झोपी गेले, त्यांचं यश 46 टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे जास्त जोर लावून, दात-ओठ खाऊन उपयोग नाही. हलक्या मनाने ठरवायचं आणि झोपायचं. झोप लागत नसेल तर त्या दिवशी तंत्र सोडा, झोप सोडू नका.

आपल्याकडे म्हणतातच, मनी वसे ते स्वप्नी दिसे. संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहिलंय, की कोल्हापुरात कीर्तनातून तुकोबांचे अभंग कानावर पडले, त्यांचा ध्यास लागला, आणि प्रत्यक्ष भेट होण्याआधीच तुकोबांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. हे सतराव्या शतकातलं. ते लुसिड स्वप्न होतं असं मी म्हणत नाही, आणि त्या अनुभवाला आपल्या तंत्राच्या चौकटीत बसवायची माझी लायकीही नाही. पण दिवसभर जे मनापासून हवं असतं ते रात्री दारात येतं, हे आपल्या लोकांनी लिहून ठेवलंय. आणि "उडायला मजा येईल" हे तेवढं मनापासूनचं हवंसं नसतं. म्हणून ते तिसऱ्या आठवड्यात संपतं.

तर स्वतःला हे विचारा, की तुम्हाला हे कशाला हवंय? ज्याचं उत्तर एखाद्या विशिष्ट गोष्टीशी बांधलेलं असतं तो टिकतो, असा माझा अनुभव आहे. माझं सांगतो. आमच्या वडिलांना मी वर म्हटलं तसं रात्री ओलिताला जावं लागायचं. ओली जमीन, जुना स्टार्टर, अंधार. विदर्भात अशा वेळी शॉक लागून माणसं जातात, बातमी दोन ओळींची येते. लॉकडाऊननंतर मी घरून काम करायला लागलो आणि दर रब्बीत मला एक स्वप्न पडायचं. बाबा स्टार्टरच्या पेटीपाशी पडलेत, मी धुऱ्यावर उभा, आणि तोंडातून आवाज निघत नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा. उठलो की घाम, आणि बाजूची खाट रिकामी, कारण बाबा खरंच वावरात असायचे. सांगायचीही सोय नव्हती. सांगितलं असतं तर आईची झोप गेली असती.

मी लुसिड ड्रीमच्या मागे लागलो ते या एका स्वप्नासाठी. उडायचं वगैरे माझ्या यादीत नव्हतं. तिथे उभं असताना "हे खरं नाही" एवढं कळावं, बस.

पहिलं लुसिड ड्रीम आलं ते भलत्याच स्वप्नात, एसटी स्टँडवर. बोर्डावर गावाचं नाव दुसऱ्यांदा वाचताना बदललं. कळलं, आनंदाने उडी मारली आणि जागा झालो. चार-पाच सेकंद असतील. पुष्कळ लोकांचं पहिलं असंच जातं, आणि पुष्कळ जण इथेही सोडतात, की एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण त्या चार सेकंदांनी एक गोष्ट पक्की होते, की आपला मेंदू हे करू शकतो. पुढच्या वेळी भान आलं की हात एकमेकांवर चोळायचे, जमिनीकडे बघायचं, घाई करायची नाही. स्वप्न जरा जास्त टिकतं.

मधल्या काळात एक गंमत झाली. ते वाईट स्वप्न मी सात-आठ वेळा वहीत लिहून काढलं, रोज पहाटे त्याचा शेवट मनात बदलून पाहिला, आणि ते पडायचं प्रमाण कमी झालं. भान यायच्या आधीच! हे माझ्यापुरतं नाही. नेदरलँड्समध्ये 2006 मध्ये 23 जणांवर एक छोटा अभ्यास झाला. वाईट स्वप्नं पडणाऱ्यांना लुसिड ड्रीमचं तंत्र शिकवलं, स्वप्नं कमी झाली, पण त्याचं श्रेय भान येण्याला द्यायचं, की भीतीला सामोरं जाण्याला, हे संशोधकांना वेगळं काढता आलं नाही. मला तर यात धीरच वाटतो. म्हणजे ज्या महिन्यांत "काहीच होत नाही" असं आपण म्हणतो, त्यात काहीतरी होत असतं.

दुसरं म्हणजे, सारखं लिहून लिहून माझ्या लक्षात आलं की ही भीती काही खोटी नाही. मग बाबांशी बोललो. स्टार्टरची पेटी बदलली, अर्थिंग नीट करून घेतलं आणि मोबाईलवरून चालू-बंद होणारा ऑटो स्टार्टर बसवला. बाबा आधी म्हणाले, "कायले पैसे घालतं?" आता गच्चीवरून मिस्ड कॉल देऊन मोटर लावतात आणि शेजाऱ्यांना दाखवतात.

आणि ते स्वप्न? तिसऱ्या रब्बीत, जानेवारीत, परत आलं. मी धुऱ्यावर, बाबा पडलेले. पण पेटी जुनी होती. जुनी पेटी तर आपण काढली! वर पाहिलं तर खांबावर तारच नव्हती. भीती गेली नाही, पण कळलं. चालत जवळ गेलो, खांद्याला हात लावून म्हटलं, "बाबा, उठा." ते उठून बसले आणि म्हणाले, "लाईन गेली का?" तेवढ्यात जाग आली. त्यानंतर ते स्वप्न एकदाच पडलंय.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी, घाईत सांगतो पण घाईत ऐकू नका. पहाटेचा अलार्म आठवड्यातून दोनदा पुरे, आणि ज्या सकाळी लांब गाडी चालवायची असेल, पेपर असेल, त्याच्या आदल्या रात्री अजिबात नाही. रात्रपाळी करणाऱ्यांनी, झोप आधीच कमी असणाऱ्यांनी फक्त वही लिहावी. पहाटे उठून झोपताना कधी कधी जाग येते आणि शरीर हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. गावाकडे त्याला भूत बसलं म्हणतात. ते स्लीप पॅरालिसिस असतं, मिनिट-दोन मिनिटांत जातं. श्वासाकडे लक्ष द्या, पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करा. ज्यांना भास होण्याचा, बायपोलरचा किंवा तशा कुठल्या आजाराचा इतिहास आहे, किंवा मानसोपचाराची औषधं सुरू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. जागेपणी सुद्धा "हे खरं आहे की नाही" असं वाटायला लागलं तर सगळं थांबवा. आणि वाईट स्वप्नांमुळे झोपायचीच भीती वाटत असेल तर माझ्या भागावर विसंबून राहू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, नंबर 14416. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि महिनाभर ब्रेक घेतला तर? घ्या की. अलार्म बंद, चेक बंद. वही फक्त उशाशी राहू द्या, एक ओळ लिहिली तरी चालेल. मी स्वतः सोयाबीन काढणीच्या दिवसांत आणि रिलीजच्या आठवड्यात एवढंच करतो. परत सुरू करताना शून्यापासून सुरू करावं लागत नाही, आठवायची सवय तेवढी शाबूत राहते.

पुढच्या भागात स्लीप पॅरालिसिसवरच बोलू, त्यावर बरेच प्रश्न आलेत. तुमच्या वहीत परत परत येणारी खूण कोणती ते मला कळवा. मंदिराचं दार सोडून.